अनुदान यंत्राला मिळते, ते जोडणाऱ्याला नाही

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लघुउद्योगांनी ‘इंडस्ट्री ४.०’, म्हणजे यंत्रे संगणकाने एकमेकांशी जोडून कारखाना चालवण्याची पद्धत, आत्मसात करावी, कारखाने ‘स्मार्ट’ करावेत, कृत्रिम बुद्धिमत्तेचा लाभ घ्यावा, अशी आवाहने मंत्र्यांच्या भाषणांतून, उद्योग मेळाव्यांतून आणि वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांतून सातत्याने वाचावयास मिळतात. त्यांमागील हेतूविषयी मला शंका नाही. मात्र कोल्हापूर परिसरातील फौंड्री (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) आणि मशिन शॉप (ओतलेले भाग कापून मापात आणणारे कारखाने) यांच्या देखभाल विभागात उभी नोकरी केलेला, आणि निवृत्तीनंतरही लहान कारखान्यांची अशीच कामे पाहणारा माणूस म्हणून एक बाब मांडणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडील बहुतेक सरकारी योजना नवे यंत्र विकत घेण्यास हातभार लावतात. परंतु कारखान्यात आधीपासून असलेली यंत्रे एकमेकांशी जोडणारा, त्यांच्याकडून येणारी माहिती वाचणारा आणि त्या माहितीवरून दुसऱ्या दिवशीच्या कामात बदल घडवून आणणारा जो माणूस लागतो, त्याच्या पगाराची सोय सहसा कोणत्याच योजनेत नसते. डिजिटल तंत्रज्ञान आपल्या लहान कारखान्यांत रुजत नाही याचे पहिले कारण माझ्या मते हे आहे. भांडवलाची चणचण त्यानंतर येते.

‘इंडस्ट्री ४.०’ ही कल्पना २०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात जाहीरपणे मांडली गेली. ज्या देशात ती मांडली गेली, तेथे मजुरी महाग होती, यंत्रे घडवणाऱ्या कंपन्या हाकेच्या अंतरावर होत्या आणि शिकाऊ उमेदवारीची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेने २०२० च्या आपल्या अहवालात नोंदवले आहे की, प्रगत डिजिटल उत्पादन तंत्रज्ञानाची सुमारे ९० टक्के पेटंटे आणि त्या तंत्रज्ञानाशी निगडित निर्यातीपैकी सुमारे ७० टक्के वाटा जगातील अवघ्या दहा अर्थव्यवस्थांकडे आहे. उरलेल्या जगाने हे तंत्रज्ञान विकत घ्यायचे, असाच याचा अर्थ होतो. विकत घेण्यात कमीपणा मुळीच नाही; पण विकत घेतलेली वस्तू आपल्या कामाला जुळवून घेणारे हात घरात नसतील, तर दर वेळी विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहत बसावे लागते, आणि लहान कारखान्याला परवडत नाही ती ही वाट पाहणे.

मी फौंड्रीचे उदाहरण घेतो, कारण ते मला आतून माहीत आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत बिडाचे ओतकाम करणारे शेकडो लहान-मोठे कारखाने आहेत. मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग येथून देशभर आणि परदेशी जातात. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवण्यास भट्टीच्या प्रकारानुसार आणि लागणाऱ्या तापमानानुसार साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. आता होते असे की, भट्टीतील धातू तयार असतो, त्याचे तापमान १,४८० अंशांच्या वर गेलेले असते, आणि नेमके त्याच वेळी मोल्डिंगच्या बाजूला साचे तयार नसतात. कधी वाळूत ओल जास्त झालेली असते, कधी कोअर (नगात पोकळी राखणारे वाळूचे गाभे) आलेले नसतात, कधी क्रेन अडकलेली असते. मेल्टर भट्टी चालूच ठेवतो, कारण धातू गार पडून चालणार नाही. ही दहा-पंधरा मिनिटे कोणत्याही वहीत लिहिली जात नाहीत. महिनाअखेरीस ती वीजबिलात एकत्र होऊन येतात आणि मालक म्हणतो, “या महिन्यात बिल का वाढले कळत नाही.”

दुसरे नुकसान याहून मोठे असते आणि ते उशिरा समजते. ओतकाम झाल्यावर माल मशिनिंगला जातो. तेथे पहिला थर कापला की आतले ब्लो होल (वायू अडकून झालेले छिद्र) उघडे पडते किंवा वाळूचा कण सापडतो. तोवर दोन-तीन आठवडे गेलेले असतात. तो नग कोणत्या हीटमधला (भट्टीच्या एका खेपेतला), कितव्या लॅडलमधला (ओतण्याच्या पात्रातला), ओतताना तापमान किती होते, त्या वेळी वाळूतील ओलावा किती होता, हे सांगता येणे दुरापास्त असते. तापमान घेतलेले असते, पण ते खडूने भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेले असते आणि पाळी बदलली की फळा पुसला जातो. ओलाव्याची नोंद वाळू प्रयोगशाळेच्या वहीत असते, धातूतील कार्बनचा अंदाज देणाऱ्या सीई मीटरची नोंद मेल्टिंगच्या कागदावर असते आणि रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या नगांचा, आकडा गुणवत्ता विभागाच्या संगणकात असतो. माहिती नाही असे नाही. ती चार ठिकाणी चार हस्ताक्षरांत विखुरलेली आहे. या चार नोंदी एका हीट क्रमांकाखाली आणणे म्हणजेच आमच्या धंद्यापुरते ‘स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग’. रोबो हा त्यानंतरचा विषय आहे, आणि अनेकांच्या बाबतीत तो कधी येणारही नाही.

यासाठी काय लागते, हे पाहिले तर आश्चर्य वाटेल. भट्टीच्या पॅनेलवर बसवलेल्या डिजिटल वीजमापकाच्या मागे बहुधा आरएस-४८५ नावाचे जोडणीचे टोक आधीपासून असते. मापक विकत घेताना त्याचे पैसे दिलेले असतात, पण दोन तारा जोडून तेथून दर मिनिटाचे वाचन संगणकात घेण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात. जुन्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथवर सायकल चालू आहे की बंद, हे त्या यंत्राच्या डोक्यावरील लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्याच्या तारेवरून कळू शकते. पॉवर प्रेसचे ठोके मोजण्यास जवळ आलेला धातू ओळखणारा एक साधा प्रॉक्सिमिटी सेन्सर पुरतो. एका यंत्रामागे हा सारा खर्च काही हजार रुपयांच्या घरात जातो.

फायद्याचा हिशेबही सोपा आहे. समजा, एखादी फौंड्री महिन्याला ३०० टन धातू वितळवते आणि भट्टी ताटकळण्याचा वेळ कमी करून टनामागे केवळ ३० युनिट वाचवते, तर महिन्याला ९,००० युनिट वाचतात. युनिटला नऊ रुपये धरले तर ही रक्कम ८१,००० रुपये होते. यात रिजेक्शन कमी झाल्याचा लाभ धरलेला नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून महावितरणने उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएच पद्धतीने (केवळ कामी आलेल्या नव्हे, तर एकूण घेतलेल्या विजेवर) सुरू केल्यापासून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) ढासळला की त्याचा भुर्दंड थेट युनिटमध्येच बसतो, आणि तो कोणत्या तासाला ढासळला हे मिनिटागणिक नोंद असल्याखेरीज सापडत नाही. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त म्हणून भट्ट्या रात्री चालत. आता सौरऊर्जा उपलब्ध असलेल्या दिवसाच्या तासांकडे सवलतीचा कल वळू लागला आहे. पाळ्यांची फेरमांडणी करावी की नाही, हा निर्णयही आकड्यांवर घ्यावा लागेल, अंदाजावर नाही.

मग इतके स्वस्त आणि इतके फायद्याचे काम होत का नाही? कारण ते करणारा माणूस कोणत्याच पदावर नाही. वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्यात मालक स्वतःच खरेदी पाहतो, ग्राहकाकडे जातो, बँकेत जातो आणि जीएसटीच्या तारखा सांभाळतो. इलेक्ट्रिशियनला मोटार आणि स्टार्टर यांची नस सापडलेली असते, पण मॉडबसचा (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या भाषेतला) पत्ता म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलेले नसते. पुण्याहून येणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तरुणाला पडद्यावर आकडे दाखवणारा डॅशबोर्ड उत्तम करता येतो, पण वाळूतील ओलावा अर्ध्या टक्क्याने वाढला तर काय घडते, हे त्याच्या गावीही नसते. दोघांच्या मधल्या जागेत उभा राहणारा माणूस नसल्यामुळे प्रकल्प उद्घाटनानंतर तीन महिन्यांत मान टाकतो. भिंतीवर लावलेल्या मोठ्या पडद्यावर उत्पादनाचे आकडे दिसण्याऐवजी केवळ घड्याळ दिसते आहे, असे कारखाने मी एकाहून अधिक पाहिले आहेत. एका ठिकाणी तर तो पडदा क्रिकेट सामन्यांच्या दिवशीच लावला जातो. निदान त्या दिवशी तरी सर्वजण त्याच्याकडे पाहतात.

आता शासनाच्या योजनांकडे पाहू. कर्जाशी निगडित भांडवली अनुदानाच्या केंद्रीय योजनेत एक कोटी रुपयांपर्यंतच्या यंत्रसामग्रीवर १५ टक्के अनुदान मिळत असे. वस्त्रोद्योगासाठी १९९९ मध्ये तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू झाली आणि तिच्या आधाराने इचलकरंजीत शटललेस (धोट्याविना चालणारे) माग आले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी जेथे पहिला यंत्रमाग आणला, त्या गावाने हे नवे मागही पटकन आपलेसे केले, यात नवल नाही. पण त्या मागाच्या कंट्रोल पॅनेलमधील कार्ड बिघडले की ते दुरुस्तीला बाहेरगावी पाठवून माग उभा ठेवावा लागतो, हेही तेथील कारखानदार सांगतील. ‘झेड’ (शून्य दोष, शून्य दुष्परिणाम) प्रमाणपत्राच्या योजनेत सूक्ष्म उद्योगांना प्रमाणपत्राच्या शुल्कात ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के सवलत आहे. ही सवलत स्वागतार्ह आहे. तथापि प्रमाणपत्र भिंतीवर लागल्याने फळ्यावरची खडूची नोंद संगणकात जात नाही. केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमातून पुण्यात सी४आय४ लॅब, तसेच दिल्ली आणि बंगळुरू येथे केंद्रे उभी राहिली. त्यांचे प्रशिक्षण चांगले आहे. पण शिकून परतलेला अभियंता सहा महिन्यांत मोठ्या कंपनीत जातो, आणि त्याला दोष कसा द्यावा? लहान कारखाना त्याला एकट्याने तेवढा पगार देऊच शकत नाही.

अनुदान यंत्राला देण्याची सवय प्रशासनाला का लागली, हे समजण्यासारखे आहे. यंत्राचे बिल असते, क्रमांक असतो, त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढता येते आणि लेखापरीक्षकाला दाखवता येते. पॅनेलमधील दोन तारा जोडल्याचे छायाचित्र कोण काढणार?

या बाबतीत दक्षिण कोरियाचा अनुभव मला उद्बोधक वाटतो, कारण तो देशही फार पूर्वी नव्हे, तर आमच्याच हयातीत गरीब देशांत गणला जात असे. तेथील सरकारने २०१४ पासून लहान व मध्यम कारखाने स्मार्ट करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि २०२२ पर्यंत ३०,००० कारखान्यांचे लक्ष्य ठेवले. संख्येने ते गाठले गेले, पण त्यांतील बहुसंख्य कारखाने केवळ प्राथमिक पातळीवर राहिले, अशी टीका तेथेच झाली. आपण घ्यावी ती गोष्ट त्या संख्येत नाही. तेथे सॅमसंगसारख्या मोठ्या कंपनीने आपले अनुभवी तज्ज्ञ लहान कारखान्यांत पाठवले, आणि मोठ्या कंपन्यांतून निवृत्त झालेल्या जाणकारांना ‘स्मार्ट मायस्टर’ म्हणून लहान कारखान्यांच्या मदतीला देण्याची सरकारी व्यवस्था झाली. म्हणजे मदतीत माणूस धरलेला होता.

आपल्याकडे हे अशक्य नाही, कारण सामायिक सुविधेची कल्पना येथील उद्योजकांना नवी नाही. वापरलेली वाळू पुन्हा कामाची करण्याचा सामायिक प्रकल्प कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाने क्लस्टरच्या (एकाच धंद्यातील कारखान्यांच्या समूहाच्या) माध्यमातून उभा केला आहे. एकमेकांशी स्पर्धा करणारे कारखानदार वाळूसाठी एकत्र येऊ शकतात, तर तंत्रज्ञासाठीही येऊ शकतील. एका औद्योगिक वसाहतीत तीस-चाळीस कारखान्यांमागे चार-पाच जणांचे एक पथक असावे: एक इन्स्ट्रुमेंटेशन (मापनाची उपकरणे) जाणणारा, एक वीजतज्ज्ञ, एक संगणकाची बाजू सांभाळणारा आणि त्यांच्या डोक्यावर त्याच धंद्यात केस पांढरे झालेला एक अनुभवी माणूस. त्यांचा पगार पहिली तीन वर्षे शासनाने आणि कारखान्यांनी मिळून द्यावा. शासनाचा वाटा दरवर्षी कमी होत जावा आणि त्यापुढे कारखान्यांनी तो स्वतः उचलावा. या पथकाने कोणतेही यंत्र वा सॉफ्टवेअर विकू नये, ही अट कडक असावी, अन्यथा वर्षभरात त्याचे विक्री कार्यालय होईल.

मनुष्यबळाचा पाया म्हणून मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचा विचार करता येईल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आयटीआय व पदविकाधारकांना दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन ठरले. हेतू चांगला, परंतु अनेक प्रशिक्षणार्थी कार्यालयांत कागद लावण्याच्या कामाला बसले. त्यांपैकी इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनची मुले-मुली अशा पथकाच्या हाताखाली दिली, तर मुदत संपताना त्यांच्या हातात कारखान्यात खपणारे कौशल्य असेल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या हिकमती कारागिरांनी जे घडवले, ते एखादे यंत्र उघडून, समजून घेऊन, पुन्हा जोडून घडवले. तशी उघडून पाहण्याची मुभा आजच्या मुलांना मिळायला हवी. प्रयोगशाळेतील काचेआडचे मॉडेल पाहून ती मिळत नाही.

कामगारांचा मुद्दा अशा चर्चांत शेवटी एका वाक्यात उरकला जातो, म्हणून तो थोडा सविस्तर लिहितो. एका मशिन शॉपमध्ये लेथवर सेन्सर बसवल्यानंतर आठवड्याभरात त्यांपैकी काहींवर इन्सुलेशन टेप चिकटवलेली आढळली. चौकशी केल्यावर कळले की, यंत्र बंद राहिल्याचा वेळ पडद्यावर ऑपरेटरच्या नावासमोर लाल रंगात दिसत होता. प्रत्यक्षात यंत्र बंद राहण्याचे मोठे कारण टूल क्रिबमधून (हत्यारांच्या कोठीतून) इन्सर्ट (धातू कापणारी पाती) वेळेवर न मिळणे हे होते, आणि त्यात ऑपरेटरचा काहीही दोष नव्हता. पडद्यावरून नावे काढून टाकली, ‘टूल नाही’, ‘माल नाही’, ‘क्रेन नाही’, ‘वीज नाही’ अशी चार बटणे ऑपरेटरच्या हाताशी दिली आणि टेप आपोआप निघाली. महिन्याच्या अखेरीस ऑपरेटरच स्टोअर विभागाकडे आकडे घेऊन भांडू लागले. माझ्या दृष्टीने यंत्रणा यशस्वी झाल्याची ती पहिली खूण होती. असे बदल विक्रेता करून देत नाही, आणि परगावच्या सल्लागाराला ते सुचण्याइतका वेळ तो कारखान्यात थांबत नाही.

मोठ्या खरेदीदार कंपन्यांविषयीही लिहिणे भाग आहे. प्रत्येक नगावर क्यूआर कोड हवा, प्रत्येक हीटची नोंद आमच्या पोर्टलवर भरा, अशा अटी आता पुरवठादारांना घातल्या जातात. अटी गैर नाहीत. गुणवत्तेसाठी त्या हव्यातच. पण त्यासाठी नगाच्या दरात एक रुपयाही वाढत नाही, आणि तीन ग्राहकांची तीन वेगळी पोर्टले असल्यामुळे तीच माहिती तीनदा भरण्यास एक माणूस बसवावा लागतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार पुरवठादाराचे देयक अधिकाधिक ४५ दिवसांत चुकते व्हावे लागते, आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देय ठरते. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही दुरुस्ती करून सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी मुदतीत न देणाऱ्यास त्या वर्षी खर्चाची वजावट नाकारली. तरीही व्याज मागणारा पुरवठादार मला अद्याप भेटलेला नाही. मागितले तर पुढची ऑर्डर जाते. पैसे चार महिन्यांनी मिळणाऱ्या कारखान्याला ‘डिजिटल परिवर्तन’ सुचवणे मला तरी संकोचाचे वाटते.

तसेच कारखान्याची माहिती कोणाच्या ताब्यात असावी, हेही आधी ठरले पाहिजे. काही पुरवठादारांच्या यंत्रणांत सारा तपशील त्यांच्याच क्लाउडवर साठतो, आणि वार्षिक शुल्क थकले की स्वतःच्या भट्टीचे मागील वर्षाचे आकडे मालकाला दिसेनासे होतात. शासकीय साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत नोंदी साध्या फाइलमध्ये कधीही उतरवून घेता येण्याची अट घालणे सहज शक्य आहे.

जुन्या यंत्रांवर सेन्सर लावत बसण्यापेक्षा एकदम अद्ययावत, स्वयंचलित कारखानेच उभारावेत, मोबाइलने लँडलाइनची पायरी गाळली तशी ही पायरीही गाळावी, असे काही जण म्हणतात. मोबाइल ही ग्राहकाने वापरायची वस्तू आहे. तिच्यामागचे जाळे मोठ्या कंपन्या चालवतात. कारखान्यात जाळे चालवणाराही तोच आणि वापरणाराही तोच. ज्या कारखान्याला आपली भट्टी रोज किती मिनिटे ताटकळते हे ठाऊक नाही, तो चार कोटींची स्वयंचलित मोल्डिंग लाइन घेईल, तर तीही तितकीच ताटकळेल, फक्त हप्ता मोठा असेल.

माझी विनंती मर्यादित आहे. उद्योग विभागाने जिल्हा उद्योग केंद्र, क्लस्टर आणि स्थानिक उद्योजक संघटना यांना बरोबर घेऊन राज्याच्या पुढील अर्थसंकल्पात निदान एका औद्योगिक वसाहतीत अशा सामायिक तंत्रज्ञ पथकाचा तीन वर्षांचा प्रयोग मंजूर करावा. त्याचे यश किती यंत्रे जोडली यावर न मोजता टनामागे लागणारी वीज आणि मशिनिंगमध्ये उघडकीस येणारे रिजेक्शन या दोन आकड्यांवर मोजावे, आणि ते आकडे दर सहा महिन्यांनी जाहीर करावेत. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, यांपैकी कोणतीही चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त देखभाल अभियंता,
कोल्हापूर